वितळलेल्या महालाची साक्ष

साप्पोरोचा हिमोत्सव ११ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओदोरी उद्यानात पुन्हा गेलो, तेव्हा यंत्रांचे पंजे शिल्पांवर चालू लागले होते. वितळू लागलेली शिल्पे कोणाच्या अंगावर कोसळू नयेत म्हणून उत्सव संपताच ती पाडतात. विसर्जनाची सवय असलेल्या आम्हां मराठी माणसांना यात नवल वाटू नये. पण विसर्जनाला पुनरागमनाचे आश्वासन असते. येथे तसे काहीही नव्हते. सुमारे महिनाभर राबून उभारलेले काम काही तासांत ढिगारा झाले.

ज्या कलेची एकही मूळ कृती शिल्लक राहत नाही, तिचा इतिहास कशाच्या आधारे लिहावयाचा, हा प्रश्न त्या ढिगाऱ्यासमोर पडला. त्याचे उत्तर शोधताना जपानपासून बरेच दूर, अठराव्या शतकातील रशियात जावे लागते.

१७३९-४० चा हिवाळा सेंट पीटर्सबर्गमध्ये असाधारण कडक होता. तुर्कांशी चाललेले युद्ध संपल्याच्या आनंदोत्सवानिमित्त सम्राज्ञी आना इव्हानोव्हना हिच्या दरबाराने नेव्हा नदीकाठी बर्फाचे एक घर बांधविले. त्याचा आराखडा प्योत्र येरोप्किन या वास्तुकाराचा होता. घराची लांबी आठ साझेन, म्हणजे सुमारे १७ मीटर. बर्फाचे चिरे कापून एकमेकांवर रचायचे आणि सांध्यांत पाणी ओतायचे. थंडीच गवंड्याचे काम करी. आत पलंग, उशा, टेबल, सारे बर्फाचे. बाहेर बर्फाच्या तोफा होत्या व त्या खरोखर उडत. बर्फाचा एक हत्ती दिवसा सोंडेतून पाणी उडवी आणि रात्री पेटते तेल. ही सारी माहिती आपल्याला मिळते ती पीटर्सबर्गच्या अकादमीतील भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग क्राफ्ट याच्या १७४१ मध्ये छापलेल्या वर्णनातून. मोजमापांत तो काटेकोर आहे.

परंतु हे घर ज्या समारंभासाठी सजले, तो क्रूर होता. कॅथलिक पंथ स्वीकारल्याच्या अपराधाबद्दल प्रिन्स मिखाईल गोलित्सिन या उमरावाला सम्राज्ञीने दरबारी विदूषक केले होते. फेब्रुवारी १७४० मध्ये तिने त्याचे लग्न अव्दोत्या बुझेनिनोव्हा या काल्मिक दासीशी लावले, हत्तीच्या पाठीवरील पिंजऱ्यातून त्या दोघांची मिरवणूक काढली आणि ती रात्र त्यांना पहाऱ्यात, त्याच बर्फाच्या पलंगावर काढावयास लावली. दोघे वाचली, एवढेच.

या लग्नासाठी एक कविताही हवी होती. व्यवस्थेचा प्रमुख मंत्री आर्तेमी व्होलिन्स्की याने त्यासाठी वासिली त्रेदियाकोव्हस्कीला बोलावून घेतले. रशियन छंदरचनेला नवी दिशा देणारा ग्रंथ १७३५ मध्ये लिहिणारा हाच तो कवी. व्होलिन्स्कीने त्याला मारले. तो दाद मागावयास गेला तर तेथेही मारले. कोठडीत टाकून छड्यांचा मार दिला, आणि मुखवटा घालून त्याच्याकडून लग्नाची कविता म्हणवून घेतली. नंतर कवीने अकादमीकडे लेखी तक्रार केली. त्याच वर्षी, वेगळ्या आणि मोठ्या राजकीय आरोपांखाली, व्होलिन्स्की व येरोप्किन दोघांचाही शिरच्छेद झाला. ऑक्टोबरात सम्राज्ञी वारली. घर तर वसंताबरोबरच वितळून गेले होते. मागे उरले दोन कागद: शास्त्रज्ञाचे वर्णन आणि कवीची तक्रार.

या कागदांचे पुढे साहित्याने काय केले, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने विशेष पाहावे. १८३५ मध्ये इव्हान लाझेच्निकोव्हची 'बर्फाचे घर' ही ऐतिहासिक कादंबरी आली आणि लोकप्रिय झाली. तिच्यात व्होलिन्स्की हा देशभक्त नायक आहे आणि त्रेदियाकोव्हस्की हास्यास्पद पोटभरू. पुश्किनने कादंबरीकाराला पत्र लिहून यावर हरकत घेतली. आदरास पात्र असलेल्या माणसाचा हा अवमान आहे, व्होलिन्स्कीच्या प्रकरणात तो हुतात्मा ठरतो आणि अकादमीला केलेला त्याचा अर्ज हृदयद्रावक आहे, असे त्याचे म्हणणे होते. सत्तेने एकदा नाचविलेल्या कवीला कादंबरीने पुन्हा एकदा नाचविले होते. बर्फ वितळतो, शब्दांनी केलेला अन्याय मात्र आपोआप वितळत नाही, तो कोणीतरी खोडून काढावा लागतो.

साप्पोरोचा प्रारंभ याच्या अगदी उलट टोकाचा आहे. १९५० साली, युद्धाने खंगलेल्या शहरात, साठलेला बर्फ आणून टाकण्याची जागा झालेल्या ओदोरीत स्थानिक शाळांतील विद्यार्थ्यांनी सहा हिमशिल्पे केली. ज्याला शहर अडगळ समजत होते, तेच त्यांचे साहित्य झाले. पाहावयास सुमारे ५०,००० लोक लोटले. तेथे कोणाचा हुकूम नव्हता की अवहेलना नव्हती.

मात्र येथेही थोडे थांबावे लागेल. १९५५ पासून जपानच्या स्वसंरक्षण दलाचे जवान या कामात आले आणि शिल्पे प्रचंड झाली. शहराबाहेरचा स्वच्छ बर्फ ट्रकांतून आणणे, लाकडी साच्यांत तो ठासून भरणे, कुऱ्हाडी-फावड्यांनी आकार काढणे, ही विद्यार्थ्यांच्या बळावर होणारी कामे नव्हती. १९७२ च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे उत्सव जगाला ठाऊक झाला. भव्यता आली ती अशा संघटित बळाबरोबर. हे बळ पीटर्सबर्गच्या दरबारासारखे क्रूर नाही, हे खरे. तरीही भव्यतेसमोर उभे असताना हे कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून केले, हे विचारण्याची सवय आपण सोडू नये.

आमच्या देखत शेवटचा ट्रक बर्फ घेऊन निघाला. आमच्या वहीत मूर्तींची उंची व रुंदी टिपलेली होती. ती घडविणाऱ्या हातांविषयी एक ओळही नव्हती. क्राफ्टचे वर्णन आम्ही सहज लिहून आलो होतो. त्रेदियाकोव्हस्कीचा कागद लिहावयाचा राहिला होता.