त्वचा काचणे (लांब पल्ल्याचे धावणे आणि ट्रायथलॉन)

त्वचा काचणे म्हणजे त्वचा त्वचेवर किंवा कपड्यावर पुन्हापुन्हा घासली गेल्यामुळे तिच्या वरच्या थराची झीज होऊन लाली, आग आणि क्वचित रक्तस्राव होणे. मॅरेथॉन, अल्ट्रामॅरेथॉन, लांब पल्ल्याचे सायकलिंग, खुल्या पाण्यातील पोहणे आणि ट्रायथलॉन या क्रीडाप्रकारांत ही दुखापत अत्यंत सामान्य आहे. मांड्यांची आतील बाजू, जांघा, काखा, स्तनाग्रे, मान आणि कंबर ही तिची नेहमीची स्थाने होत. बहुतेक वेळा ती किरकोळ असते व काही दिवसांत बरी होते. शर्यत कित्येक तास चालणारी असल्यास मात्र तिच्यामुळे धावण्याची ढब बिघडणे, शर्यत अर्धवट सोडावी लागणे किंवा जंतुसंसर्ग होणे संभवते. घर्षण, ओलावा आणि पुनरावृत्ती या तीन घटकांच्या संयोगातून काचणे घडते. त्यांपैकी एकालाही आवर घातला तर ते बऱ्याच अंशी टाळता येते.

## स्वरूप

बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा भाग मृत, चपट्या पेशींचा बनलेला असतो. त्यास शृंगस्तर म्हणतात. हा स्तर खालच्या जिवंत पेशींचे रक्षण करतो. सततच्या घासण्याने तो झिजला की खालचा संवेदनशील भाग उघडा पडतो आणि घामातील मीठ किंवा अंघोळीचे पाणी लागताच तीव्र आग होते. अनेक धावपटूंना शर्यतीच्या भरात काहीच जाणवत नाही व दुखापतीचा पत्ता प्रथम स्नानगृहातच लागतो.

काचणे पुढील विकारांहून वेगळे आहे:

* फोड: पायाच्या पृष्ठभागाची त्वचा मोज्याला धरून राहते, तर आतील हाड व ऊती पावलागणिक पुढेमागे सरकतात. या ताणामुळे बाह्यत्वचेच्या आतच फट पडून तीत द्रव साठतो. काचण्याची झीज वरून आत जाते, तर फोड आतून सुरू होतो.
* घडीतील दाह: त्वचेच्या घड्यांत ओलावा कोंडून राहिल्याने होणारा दाह. त्यावर कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग जडू शकतो.
* जांघेतील नायटा (गजकर्ण): हा बुरशीजन्य रोग असून त्यात खाज सुटणारे, उंचावलेल्या कडेचे व हळूहळू पसरणारे चट्टे दिसतात.

## कारणे

### घर्षण आणि ओलावा

कोरडी त्वचा कपड्यावरून तुलनेने सहज घसरते. घामाने किंचित ओलसर झालेली त्वचा मात्र कपड्याला चिकटून ओढली जाते आणि घर्षण वाढते. शिवाय पाण्याने शृंगस्तर मऊ पडतो व लवकर झिजतो. घाम सुकल्यावर मागे राहिलेले मिठाचे कण आणि समुद्रात पोहल्यानंतरचे मीठ व वाळू खरखरीत भुकटीप्रमाणे काम करतात. त्यामुळे दमट हवा, पाऊस आणि खारे पाणी या तिन्ही परिस्थितींत काचण्याचा धोका वाढतो.

### पुनरावृत्ती

एका पावलाने होणारी झीज नगण्य असते. तिची बेरीज मात्र मोठी होते. मिनिटाला १७० पावले या गतीने ४ तासांत मॅरेथॉन (४२.१९५ किमी) पूर्ण करणारा धावपटू सुमारे ४०,००० पावले टाकतो. पूर्ण अंतराच्या आयर्नमॅन ट्रायथलॉनमध्ये ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकलिंग आणि ४२.२ किमी धावणे सलग करावे लागते. मिनिटाला ८५ फेऱ्या या वेगाने ६ तास पेडल मारल्यास मांडी सायकलच्या सीटजवळून सुमारे ३०,००० वेळा वरखाली होते. म्हणूनच १० किमीच्या सरावात निर्दोष वाटलेला कपडा ३० किमीनंतर काचू शकतो.

### इतर घटक

अतिशय सैल कपड्याला चुण्या पडतात, तर अतिशय घट्ट कपड्याच्या शिवणी रुततात. नवे कोरे किंवा वारंवार धुऊन खरखरीत झालेले कपडे, कपड्यावरील लेबल, पाण्याची पिशवी किंवा पट्टा आणि हृदयगती मोजणारा छातीपट्टा यांमुळेही काचते. मांड्या एकमेकींना घासणे हे स्थूलतेचेच लक्षण मानले जाते, ते बरोबर नाही. शरीराची ठेवण, स्नायूंचा आकार आणि धावण्याची पद्धत यांमुळे सडपातळ धावपटूंनाही हा त्रास होतो.

## शरीरावरील स्थाने

| स्थान | मुख्य कारण | नेहमीचा उपाय |
|---|---|---|
| मान | वेटसूटची गळ्याकडील कड | पोहण्यापूर्वी वंगण, योग्य मापाचा वेटसूट |
| काखा | बाहीची शिवण, हाताची हालचाल | वंगण, सपाट शिवणीचा कपडा |
| स्तनाग्रे | ओला, खरखरीत टी-शर्ट | चिकटपट्टी किंवा वंगण |
| स्तनांखालील भाग | ब्राचा पट्टा, साठलेला घाम | मापाची स्पोर्ट्स ब्रा, पट्ट्याखाली वंगण |
| मांड्यांची आतील बाजू | त्वचेवर त्वचा घासणे | लांब, अंगासरशी शॉर्ट्स, वंगण |
| बैठकीची जागा | सायकलची सीट, ओली गादी | गादीची शॉर्ट्स, सीटची योग्य उंची |

स्तनाग्रे काचण्याचा त्रास पुरुषांत विशेष आढळतो, कारण त्यांच्या छातीवर सैल शर्ट मोकळेपणी हलत राहतो. स्त्रियांमध्ये स्पोर्ट्स ब्रामुळे हे घर्षण कमी होते; मात्र ब्राच्या पट्ट्याखाली व काखेजवळ काचण्याचे प्रमाण अधिक असते.

## ट्रायथलॉनमधील विशेष अडचणी

धावपटूला एकाच प्रकारच्या हालचालीचा विचार करावा लागतो. ट्रायथलॉनपटूचा कपडा मात्र बहुधा एकच असतो व तो पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिन्ही टप्प्यांत अंगावर राहतो. पोहून बाहेर पडताना तो पूर्ण भिजलेला असतो आणि पुढील सर्व अंतर त्याच ओल्या कपड्यात सुरू होते.

पोहणे: थंड पाण्यात निओप्रीनचा वेटसूट वापरतात. श्वास घेण्यासाठी डोके वळवताना त्याची कड मानेवर दर वेळी त्याच जागी घासते. सवा तास पोहणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ही संख्या २,००० च्या आसपास जाऊ शकते. २०१९ साली सुरू झालेल्या गोव्यातील आयर्नमॅन ७०.३ या निम्म्या अंतराच्या शर्यतीत मिरामार येथील समुद्राचे पाणी उबदार असल्याने वेटसूटचा प्रश्न सहसा येत नाही. तेथे काखेतील शिवण, खारे पाणी आणि किनाऱ्यावरील वाळू हेच अधिक त्रासदायक ठरतात.

सायकल: बैठकीच्या हाडांखाली दाब, उष्णता आणि ओलावा एकत्र येतात. काचलेल्या जागी केसांच्या मुळांत जंतू शिरल्यास गळू होऊ शकते. सीट फार उंच असल्यास पेडल मारताना कंबर डावीउजवीकडे डोलते व घर्षण वाढते. अशा वेळी कोणत्याही मलमापेक्षा सीटची उंची सुधारणे अधिक उपयुक्त ठरते.

धावणे: सायकलवर लालसर झालेली जांघ धावताना पूर्णपणे सोलवटते. उन्हाच्या झळा कमी करण्यासाठी डोक्यावर पाणी ओतण्याची पद्धत शरीर थंड ठेवते. परंतु ते पाणी शॉर्ट्स आणि बुटांत उतरते. उष्ण हवेत शरीर थंड ठेवणे हेच प्रथम महत्त्वाचे असल्याने पाणी टाळू नये, मात्र किंचित पुढे वाकून ते मानेवर व डोक्यावर ओतावे.

## प्रतिबंध

### कपडे

सुती कापड घाम शोषून घेते व धरून ठेवते. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ शोषत नाही. नेहमीच्या हवेत कापसात वजनाच्या सुमारे ८ टक्के आर्द्रता मुरते, तर पॉलिएस्टरमध्ये सुमारे ०.४ टक्के. त्यामुळे कृत्रिम धाग्याचे, सपाट शिवणीचे व अंगासरशी बसणारे कपडे लांब पल्ल्यासाठी योग्य मानले जातात. गादीची सायकल शॉर्ट्स अंतर्वस्त्राशिवाय थेट त्वचेवर घालायची असते, कारण अंतर्वस्त्राची शिवण गादी आणि त्वचा यांमध्ये येऊन काचते. कपडा वापरण्यापूर्वी दोनतीनदा धुऊन घ्यावा व लेबल काढून टाकावे.

### वंगण

वंगणाचे कार्य दुहेरी असते. ते घर्षण कमी करते आणि त्वचेला पाण्यापासून काही काळ दूर ठेवते. प्रचारात असलेले मुख्य प्रकार असे:

* पेट्रोलियम जेली: स्वस्त व सर्वत्र मिळणारी. ती घामाने सहज धुऊन जात नाही. मात्र कपड्यांवर डाग पडतात, आणि निओप्रीन खराब होऊ शकत असल्याने वेटसूटखाली ती टाळण्याचा सल्ला दिला जातो.
* सिलिकॉनयुक्त वंगण (डायमेथिकोन): कमी चिकट, पाण्यात टिकणारे.
* मेणयुक्त कांडी: हाताला न लागता चोळता येते, सोबत बाळगण्यास सोयीची.
* झिंक ऑक्साइडचे मलम: आधीच हुळहुळलेल्या त्वचेसाठी उपयुक्त.
* पावडर: सुरुवातीला कोरडेपणा देते, पण भरपूर घाम आल्यावर तिचे गोळे होऊन त्याच खरखरीत बनतात. त्यामुळे लांब शर्यतीत तिचा उपयोग मर्यादित आहे.

कोणतेही वंगण शेवटपर्यंत टिकत नाही. लांब शर्यतीत ते पुन्हा लावावे लागते. ट्रायथलॉनमध्ये दोन टप्प्यांमधील बदलाची जागा त्यासाठी सोयीची असते. अनेक शर्यतींत मदतकेंद्रांवर स्वयंसेवक पेट्रोलियम जेली देतात. ती खाण्याची ऊर्जा-जेल नव्हे, याची नवख्यांनी खात्री करून घ्यावी.

### क्रम आणि सराव

शर्यतीच्या सकाळी क्रम महत्त्वाचा असतो. चिकटपट्ट्या कोरड्या, स्वच्छ त्वचेवर सर्वप्रथम लावाव्यात, कारण वंगणावर त्या टिकत नाहीत. त्यानंतर सनस्क्रीन लावावे व ते मुरल्यावर शेवटी वंगण लावावे. ट्रायथलॉनमध्ये दंडावर किंवा पायावर स्पर्धक क्रमांक लिहिला जात असल्यास ते काम आधी उरकावे. जांघेतील किंवा छातीवरील केस काढायचे असल्यास ते काही दिवस आधी काढावेत. ताज्या दाढीवर घाम आणि घर्षण दोन्ही झोंबतात.

शर्यतीच्या दिवशी काहीही नवे वापरू नये हा धावपटूंमधील सर्वमान्य संकेत आहे. स्पर्धेत घालायचे कपडे, मोजे, पट्टे आणि वंगण हे सर्व किमान एका लांब सरावात, शक्यतो तशाच हवामानात, वापरून पाहिलेले असावे. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनसाठी तयारी करणाऱ्याला दमट हवेचा, तर पावसाळ्यात होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या स्पर्धकाला भिजलेल्या कपड्यांचा अनुभव सरावातच घेता येतो. सरावानंतर अंघोळीच्या वेळी जिथे आग होते ती जागा लक्षात ठेवणे ही धोक्याची स्थाने ओळखण्याची सोपी पद्धत होय.

## उपचार

शर्यत संपताच ओले कपडे बदलावेत. काचलेली जागा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन, न घासता, टिपून कोरडी करावी. स्पिरिट किंवा तत्सम जळजळणारी द्रव्ये लावू नयेत. त्यानंतर पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचा पातळ थर द्यावा. त्वचा सोलवटली असल्यास न चिकटणारी पट्टी लावावी. सैल कपडे वापरावेत आणि जागा भरून येईपर्यंत तिच्यावर पुन्हा घर्षण होईल असा सराव टाळावा.

लाली पसरणे, सूज, पू, वाढती वेदना किंवा ताप ही संसर्गाची लक्षणे असून त्यांत डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो. मधुमेही व्यक्तींनी लहान जखमेकडेही दुर्लक्ष करू नये.

भारतात या संदर्भात एक विशेष धोका आहे. जांघेतील लाली किंवा खाजेवर औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली मलमे घेण्याची सवय सर्वत्र आढळते. स्टिरॉइडमुळे लाली व खाज लगेच दबते. परंतु मूळ विकार नायटा असल्यास तो पसरतो, त्याचे रूप बदलते आणि पुढे उपचारांना दाद देत नाही. दीर्घ वापराने जांघेतील त्वचा पातळ होऊन तीवर कायमचे पट्टे उमटतात, आणि अशी पातळ त्वचा अधिकच सहज काचते. इंडियन असोसिएशन ऑफ डर्मेटॉलॉजिस्ट्स, व्हेनेरिऑलॉजिस्ट्स अँड लेप्रॉलॉजिस्ट्स या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा गैरवापराविरुद्ध जनजागृती केली आहे. साधे काचणे विश्रांती आणि संरक्षक मलमाने काही दिवसांत सुधारते. न सुधारल्यास किंवा चट्टा कडेने वाढू लागल्यास निदान करून घेणे श्रेयस्कर ठरते.

## इतिहास

अंगाला स्निग्ध पदार्थ चोळून काचणे टाळण्याची पद्धत आधुनिक शर्यतींहून जुनी आहे. १८७५ साली इंग्लिश खाडी पोहून पार करणारा मॅथ्यू वेब याने अंगाला पॉर्पॉइज या सागरी सस्तन प्राण्याचे तेल लावले होते. पेट्रोलियम जेलीचे पेटंट रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ मध्ये अमेरिकेत घेतले. सायकलपटूंच्या लोकरी शॉर्ट्सना पूर्वी शामी चामड्याचे अस्तर असे. धुतल्यावर ते कडक होत असल्याने त्यावर मलम चोळावे लागे. अस्तर पुढे कृत्रिम झाले, तरी ‘शामी’ हे नाव आणि मलमाची प्रथा टिकून राहिली.

१९७० च्या दशकात अमेरिकेत सर्वसामान्यांमध्ये धावण्याची लाट आली व त्याबरोबर या दुखापतीही वाढल्या. स्तनाग्रे काचण्याची नोंद त्याच काळात वैद्यकीय साहित्यात झाली. १९७७ साली लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी व्हरमाँट येथे पहिली स्पोर्ट्स ब्रा तयार केली. तिचा पहिला नमुना पुरुष खेळाडूंची दोन आधारवस्त्रे जोडून शिवलेला होता. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, हवाई बेटांवर पहिली आयर्नमॅन ट्रायथलॉन झाली.

## हे सुद्धा पहा

* मॅरेथॉन
* ट्रायथलॉन
* त्वचा
* गजकर्ण