निवाड्यापूर्वीचे कागद

पेशवाईतील न्यायाचा विषय निघाला की रामशास्त्री प्रभुण्यांच्या निःस्पृहतेचे स्मरण होते आणि ते रास्तच आहे. परंतु वतनाचे, वाटणीचे आणि शिवेचे असंख्य तंटे ज्या गोतसभांनी (वतनदार-गावकऱ्यांच्या सभांनी) व पंचायतींनी तोडले, त्यांच्या सामर्थ्याचे मूळ, वादाला तोंड फुटण्यापूर्वी उभय पक्षांची जी सिद्धता करून घेतली जाई तिच्यात आहे, असे जुने महजर व निवाडपत्रे वाचताना मला वारंवार वाटत आले आहे.

अग्रवादी (वादी) आणि पश्चिमवादी (प्रतिवादी) सभेपुढे उभे राहिले की होईल तो निवाडा मान्य करू असा राजीनामा दोघांकडून लिहून घेत, त्या वचनाला जामीन घेत, आणि मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे निवेदन, होई: वतन मूळ कोणी संपादिले, भोगवटा कोणाचा चालत आला, कागद कोणते, साक्षीदार कोण. जे उलगडत नसे त्याची पंच पुरसीस, म्हणजे विचारपूस, करीत. पक्षकाराला आपले म्हणणे नीट सांगता यावे म्हणून प्रश्न करणे आणि त्याच्या तोंडी सोयीचे उत्तर घालणे यांत अंतर फार थोडे; म्हणूनच निवाडपत्रात आधी दोन्ही तकरिरी सविस्तर उतरून मगच निर्णय लिहिण्याचा जो प्रघात होता, तो मला मोलाचा वाटतो, कारण हरलेल्यालाही आपले म्हणणे त्या कागदावर सापडे.

पंच हे बहुधा वादींचेच शेजारी आणि सोयरे, हा या पद्धतीतला खरा पेच होता. गोत प्रतिपक्षाला मिळाले आहे अशी शंका आल्यास परस्थळ, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची सभा, मागण्याची मुभा होती. साक्षीदारांना देवालयात नेऊन, बेचाळीस पूर्वजांचे स्मरण देऊन सत्य सांगण्यास बजावीत. तरीही बलिष्ठ वतनदारापुढे दुबळ्याने दिलेली संमती कितपत स्वेच्छेची असेल, हा प्रश्न उरतोच, आणि त्या काळाच्या प्रेमापोटी तो झाकणे मला अप्रामाणिक वाटते.

इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात पंचायतीचे गुणदोष दोन्ही नमूद केले आणि ती टिकावी असा त्याचा मानस होता; पण सरकारी अदालतींचा मार्ग खुला होताच तिच्याकडचा ओघ आटला. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेने लवाद न्यायालयांचा उद्योग केला. न्यायालयाबाहेर तंटा मिटवण्याची वाट दाखवणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 89 सुधारित रूपात 2002 पासून अमलात आले, आणि 2023 मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला.

आजचा मध्यस्थ निवाडा देत नाही, समेटास साहाय्य करतो, हा भेद मोठा आहे. तथापि पक्षकारांना बोलते करण्याचे आणि तसे करताना कोणाचाही कैवार न घेण्याचे त्याचे काम जुनेच आहे. या कामाची दीक्षा घेणाऱ्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातील दहा-पाच निवाडपत्रे तरी अवश्य वाचावीत.