पेडण्याचा बॅटरी रेडिओ आणि ९० व्होल्ट

माझं आजोळ पेडणे तालुक्यातलं. तिथल्या घराचं छप्पर उतरवताना माळ्यावरून एक जुना रेडिओ खाली आला. भंगारात जायच्या आधी मी तो उचलून डिचोलीला आणला. लाकडी खोका, पुढे कापडाची जाळी, मागचा पुठ्ठा अर्धा वाळवीने खाल्लेला. नवल म्हणजे भिंतीत खोचायची वायर त्याला नव्हतीच. आत बॅटरीपुरती मोकळी जागा आणि शेजारी दोन आकडे: ९० व्होल्ट आणि १.५ व्होल्ट. त्या आकड्यांनीच मला हे लिहायला बसवलं.

गोवामुक्तीच्या लढ्यात रेडिओ म्हटलं की वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही नावं येतात. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी त्यांनी आंबोलीच्या जंगलातून ‘सोडवणेचो आवाज’ सुरू केला आणि जागा बदलत डिसेंबर १९६१ पर्यंत चालवला. त्याच १९५५ च्या १५ ऑगस्टला आमच्या पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. पणजीचं ‘एमिसोरा द गोवा’ पोर्तुगीज सरकारच्या हातात होतं. म्हणजे दुसरी बाजू कळायला हवेतून येणारा हा आवाजच. बोलणाऱ्यांबद्दल बरंच लिहून झालंय. ऐकणारे मात्र राहून गेले.

ऐकायचं कसं, हा साधा प्रश्न नव्हता. तेव्हा पेडणे-डिचोलीच्या बहुतेक खेड्यांत विजेची तार पोचलेली नव्हती. रात्री चिमणी, कंदील. जत्रेत, दशावतारात गॅसबत्ती. अशा घरात रेडिओ चालायचा तो बॅटरीवर, आणि तीही दोन प्रकारची. रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हमधली बारीक तार तापवायला १.५ व्होल्ट पुरत, पण त्या व्हॉल्व्हमधून प्रवाह ओढून घ्यायला ९० व्होल्ट लागत. कोरडा सेल एकटा देतो दीड व्होल्ट. ६० सेल एकापुढे एक जोडले की ६० गुणिले १.५, झाले ९०.

ही युक्ती व्होल्टाची, सन १८०० मधली. तांबं किंवा चांदी, जस्त आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा अशा चकत्या त्याने एकावर एक रचल्या. तांबं आणि जस्त आमच्या डिचोलीला नवं नाही. दोन्ही एकत्र वितळवली की पितळ होतं, त्याची समई होते. वेगवेगळी ठेवून मधे ओलावा दिला की वीज होते.

पुस्तकातला आदर्श व्होल्टेज स्रोत कितीही प्रवाह घ्या, आपला दाब सोडत नाही. मामांची बॅटरी तशी नव्हती. प्रत्येक सेलच्या पोटात थोडा रोध असतो आणि सेल म्हातारा होतो तसा तो वाढतो. समजा, एका सेलचा रोध २० ओहमपर्यंत गेला. ६० सेलचे झाले १२०० ओहम. असा रेडिओ ९० व्होल्टच्या बाजूने साधारण १० मिलिअँपिअर घेतो. ओहमच्या नियमाने १२ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच खर्च. रेडिओला उरले ७८. आवाज बारीक होतो, मग घरघर, मग काहीच नाही. मामा सांगायचे, “बातम्या संपल्या की लगेच बंद. गाणी ऐकायची चैन नव्हती.” बॅटरी म्हापशाहून आणावी लागे, आणि भारताने सीमा बंद केल्यावर ती सहज मिळेना. दार लावून, आवाज कमी करून ऐकण्यामागे पोलिसांची भीती होती तशी बॅटरीची काटकसरही होती.

खोक्याच्या आतलं सगळं अजून ओळखू येतं. रंगीत पट्ट्यांचे रोधक प्रवाहाला आवर घालतात. तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि पत्र्याच्या पात्यांचा फिरता कंडेन्सर मिळून हवेतल्या अनेक लहरींतली एकच निवडतात; बटण फिरवलं की ही पातीच सरकत. आणि पेंटोड व्हॉल्व्ह! त्यातला प्रवाह जाळीवरच्या दाबाने ठरतो, पुढच्या पट्टीवरचा दाब थोडा कमीजास्त झाला तरी तो फारसा हलत नाही. वर्गात ‘प्रवाह स्रोत’ म्हणून नुसती वर्तुळातल्या बाणाची खूण शिकलो होतो. त्याच्या जवळपासची वस्तू हातात धरली ती इथे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी विमानातून, लाउडस्पीकरवरून गोवा मुक्त झाल्याचं सांगितलं. ती बातमी ऐकायला कुणाला बॅटरी लागली नाही. त्याआधीची सहा वर्षं मात्र लागली होती. आवाज कुठवर पोचला हे आंबोलीच्या यंत्रावर जेवढं ठरत होतं, तेवढंच पेडण्यातल्या ६० सेलांवरही.

म्हणून एक विनंती. घरात असा रेडिओ असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. आत जुनी बॅटरी असेल तर ती आधी काढा, गळून पत्रा खाते. घरच्या विजेला चुकूनही जोडू नका. आणि तो कोण ऐकायचं, कुठल्या खोलीत, किती वेळ, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा. मामांना मी हे सगळं विचारलं नाही. आता विचारता येत नाही.