परीक्षा एकाची, वर्ष साऱ्यांचं

१८७५ सालच्या पावसाळ्यात दापोलीजवळच्या मुरूडहून काही मुलं साताऱ्याला चालत निघाली. निमित्त होतं सहावीच्या सरकारी परीक्षेचं. त्या काळी मराठी शाळेतला मुलगा ही परीक्षा पास झाला की मास्तरकीची वाट मोकळी व्हायची. केंद्र मात्र सह्याद्रीच्या पलीकडे. शंभरावर मैलांचा रस्ता, मध्ये घाट, वरून पाऊस. मुलं वेळेवर पोचली. परीक्षा समितीपुढे उभं राहिल्यावर त्यातल्या एका किरकोळ अंगाच्या मुलाकडे बघून ठरवण्यात आलं, की हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही. त्याला बसूच दिलं नाही. मुलगा आल्या पावली परत फिरला. धोंडो केशव कर्वे त्याचं नाव. पुढे मॅट्रिक व्हायला त्यांना १८८१ उजाडलं. तेव्हा ते तेविशीत होते.

ही गोष्ट सांगताना सगळे कर्व्यांच्या जिद्दीपाशी थांबतात. पण तिच्यातली अडचण अभ्यासाची नव्हतीच. परीक्षेला बसायचं म्हणजे आधी परीक्षेपर्यंत पोचायचं, तिथे कुठेतरी राहायचं, काहीतरी खायचं. महाराष्ट्रातल्या परीक्षेच्या वर्षाचा इतिहास लिहायला घेतला, तर पुस्तकांपेक्षा याच गोष्टींची पानं जास्त भरतील: मुलगा राहिला कुठे, जेवला कुणाकडे, बसला कुणाच्या दिव्याखाली. सरकारने या सोयी फार उशिरा केल्या. आधी त्या केल्या गावाने, जातीने, चाळीने आणि काही हट्टी माणसांनी.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. पास झालेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे होते. तिथून पुढे जवळपास नव्वद वर्षं मॅट्रिक ही विद्यापीठाच्या दाराची चावी राहिली, पण बहुतेक घरांना त्या दारातून आत जायचंच नव्हतं. त्यांना हवी होती कचेरीतली नोकरी, आणि मॅट्रिकवर ती मिळत असे. या परीक्षेचा दरारा एवढा, की तिच्यापर्यंत जाऊन अडकलेला माणूसही ‘नॉन-मॅट्रिक’ अशी आपली ओळख सांगायचा आणि ऐकणाऱ्यालाही त्यात गैर वाटायचं नाही.

इंग्रजी शाळा शहरांत, मुलं खेड्यांत. कोकणातून, देशावरून पुण्याला येणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलांनी जुनीच रीत नव्या शिक्षणाला जोडून घेतली. वार लावून जेवायचं, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी. नाहीतर माधुकरी मागायची. वेदपाठशाळेतल्या विद्यार्थ्यासाठी चालत आलेली ही व्यवस्था बीजगणिताच्या विद्यार्थ्यालाही पुरली. सोमवारचं घर चांगलं वाढणारं, गुरुवारचं हात आखडणारं आणि एखाद्या वाराला घरच नाही म्हणून उपास, अशी वेळापत्रकं त्या पिढीच्या कितीतरी आत्मचरित्रांत सापडतात. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थिगृह निघालं ते अशाच मुलांसाठी. आजचं पुणे विद्यार्थी गृह ते हेच.

पण वार लावायला आधी दार उघडावं लागतं, आणि ती दारं जात विचारून उघडत. मराठा, जैन, मुसलमान, अस्पृश्य मुलाने पुण्या-कोल्हापुरात येऊन कुणाच्या पानावर बसायचं? हा प्रश्न राजर्षी शाहू महाराजांनी थेट इमारती उभारून सोडवला. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच सुमारास जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि याच काळात लिंगायत, शिंपी, सोनार, पांचाळ अशी एकेक भर पडत गेली. जातवार बोर्डिंगं काढली म्हणून महाराजांवर तेव्हाही टीका झाली. टीका करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांवर सात घरी जेवण शोधायची वेळ आली असेल.

भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकलेले. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसत आणि स्वयंपाकापासून शेतातल्या कामापर्यंत सगळं स्वतः करत. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे येऊन गेले. या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव गांधीजींच्याच हस्ते मिळालं. वसतिगृहाच्या हिशेबवहीतली सर्वांत जड नोंद मात्र भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांची. कोठीत धान्य उरलं नाही तेव्हा या बाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले आणि शेवटी मंगळसूत्रही. मुलं परीक्षेला बसली ती त्या धान्यावर.

पोट भरलं तरी जागेचा प्रश्न उरतोच, आणि मुंबईत तो सगळ्यांत अवघड. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदारांचं सगळं कुटुंब राहायचं. शाळेतून आलेला त्यांचा मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, संध्याकाळीच झोपायचा. उशाशी जातं, पायथ्याशी शेळी. सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवत आणि त्याच जागेवर स्वतः आडवे होत. घासलेटच्या काच नसलेल्या दिव्यावर पहाटेपर्यंत अभ्यास. एका खोलीचे दोन पाळ्यांत दोन उपयोग. मुंबईच्या कामगार वस्तीतल्या घरांना हे गणित वेगळं शिकवावं लागलं नाही, कारण गिरणीच्या पाळ्यांवर त्यांची झोपही तशीच वाटलेली असायची.

१९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव मॅट्रिक पास झाला. महार समाजातल्या मुलाने ही परीक्षा पास व्हावी, ही त्या काळी बातमीच होती. वस्तीने सभा भरवली. अध्यक्ष होते समाजसुधारक सीताराम केशव बोले. सभेला विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकरही होते. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरला होता. त्यांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती त्यातूनच मिळाली.

आज गल्लोगल्ली दहावी-बारावीचे ‘गुणगौरव समारंभ’ होतात, शाल-श्रीफळ आणि ट्रॉफ्यांचे ढीग लागतात. त्यांची वंशावळ शोधायची तर परळच्या त्या सभेपर्यंत जाता येतं. फरक एवढाच, की त्या सभेत सत्काराबरोबर पुढच्या शिक्षणाची चिंता करणारा एक माणूस हजर होता. अनेक समारंभांत आता तेवढीच जागा रिकामी असते.

ज्यांना दिवसा शाळा परवडत नव्हती त्यांच्यासाठी रात्रशाळा होत्या. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ सालीच शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालवले होते. पुढे मुंबईत प्रार्थना समाजाने तेच काम उचललं. गिरणगावात या शाळांनी मूळ धरलं. कपडा खात्यात, नाहीतर बंदरावर, हॉटेलात, पेढीवर दिवस काढून आलेला पोरगा संध्याकाळी साडेसहाला वर्गात शिरायचा आणि साडेनऊच्या सुमाराला बाहेर पडायचा. इमारत बहुधा महापालिकेच्या प्राथमिक शाळेची. त्यामुळे बाकं दुसरी-तिसरीतल्या पोरांच्या मापाची आणि त्यांत गुडघे दुमडून बसलेले मिशा फुटलेले विद्यार्थी. भिंतीवर फळांची चित्रं, फळ्यावर वर्गसमीकरण. ज्याला एवढंही जमत नव्हतं तो सतरा नंबरचा फॉर्म भरून ‘बाहेरून’ बसायचा. अजूनही बसतो.

जागा कमी म्हणून रस्त्यावर अभ्यास, ही वरळीतली जुनी रीत. बीडीडी चाळींच्या परिसरातली मुलं रात्री पुस्तकं घेऊन सुदाम काळू अहिरे मार्गावर यायची, कारण रहदारी कमी आणि दिवे चांगले. होता होता त्या रस्त्याचं नावच ‘अभ्यास गल्ली’ पडलं. अलीकडे महापालिकेने तिथे बसायची सोय केली, रंगरंगोटी केली. चांगलं झालं. पण महानगराच्या मध्यावर पोरांना पदपथावर बसून प्रमेयं सोडवावी लागतात, ही गोष्ट कौतुकाच्या सुरात सांगितली जाते तेव्हा जरा चुकल्यासारखं वाटतं. गावोगावच्या वाचनालयांनी, मंडळांनी काढलेल्या अभ्यासिकांचं मोल म्हणूनच मोठं. पंखा, ट्यूबलाइट, पाण्याचा माठ आणि ‘शांतता राखा’ची पाटी, एवढ्या भांडवलावर त्यांनी पिढ्या पार केल्या.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक विद्यापीठाकडून गेली आणि एस.एस.सी. आली. १ जानेवारी १९६६ रोजी राज्याचं माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झालं. आधी अकरावीला होणारी ही परीक्षा नव्या आकृतिबंधात १९७५ पासून दहावीला आली. शाळा खेड्यापाड्यांत पोचल्या, केंद्रं जवळ आली, मंडळाचे विभाग वाढत नऊ झाले. अन्न आणि अंतर या जुन्या अडचणी पुष्कळशा मागे पडल्या. नवी अडचण होती ती प्रश्नपत्रिकेची, आणि तिच्याभोवती एक वेगळीच बाजारपेठ उभी राहिली. ‘नवनीत’चं ‘२१ अपेक्षित’ डिसेंबर-जानेवारीत घरात आलं, की परीक्षेचं वर्ष खऱ्या अर्थाने सुरू झालं असं मानणारी घरं आजही कमी नाहीत. दुसरीकडे मोफत मदतीचाही जोर होता. वृत्तपत्रांत विषयवार मार्गदर्शनाची सदरं यायची. दादर-गिरगावपासून तालुक्याच्या गावापर्यंत नामवंत शिक्षकांच्या व्याख्यानमाला व्हायच्या. राजकीय पक्षांच्या शाखा आणि गणेशोत्सव मंडळं सराव परीक्षा घ्यायची, वह्या वाटायची. मतांचा हिशेब त्यात नसे असं कुणी म्हणणार नाही, पण प्रश्नपत्रिका छापून यायची आणि तपासूनही मिळायची, हे खरं.

आणि निकाल. इंटरनेटच्या आधी तो वर्तमानपत्रात यायचा, बारीक टायपात, पानंच्या पानं नुसते बैठक क्रमांक. पास झालेल्यांचेच आकडे छापलेले. ४१७ नंतर ४१९ दिसला की मधल्या पोराचं काय झालं हे वाड्यातल्या सगळ्यांना एकदम कळायचं. पहाटे एसटी स्टँडवर पेपरच्या गठ्ठ्याची वाट बघणं, एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी श्वास धरून ऐकायचं, दुपारपर्यंत पेढ्यांची दुकानं रिकामी. गुणवत्ता यादीतल्या मुलांची छायाचित्रं पहिल्या पानावर यायची. लातूरसारखं शहर त्याच यादीच्या जोरावर ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजलं. ती यादी मंडळाने पुढे बंद केली. ज्ञातिमासिकांनी आणि चौकातल्या फ्लेक्सनी मात्र ती आपल्या परीने चालू ठेवली आहे. ‘अमुक टक्क्यांवरील विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेची सत्यप्रत व पासपोर्ट आकाराचा फोटो जोडून पाठवावा’ ही सूचना जूनच्या अंकात नाही, असं ज्ञातिमासिक शोधूनच काढावं लागेल.

गावाने मुलाचं वर्ष आपलं मानलं, त्याची दुसरी बाजूही होती. कॉपी पुरवायला खिडकीशी चढलेले भाऊ, मामा, मित्र हे त्याच आपुलकीचे वंशज. ‘पोराचं वर्ष वाया जाईल’ या एका वाक्यावर केंद्रंच्या केंद्रं डोळेझाक करायची. २०१० मध्ये नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम कडक राबवली, तेव्हा जिल्ह्याचा निकाल दाणकन खाली आला. आधीच्या निकालांत मुलांचा वाटा किती आणि मामांचा किती, हे त्या एका आकड्याने सांगून टाकलं.

नापास मुलासाठी मात्र सभा, शाल, फ्लेक्स यांपैकी कधीच काही नव्हतं. त्याच्या वाट्याला ‘ऑक्टोबरची वारी’. मार्चचा निकाल जूनमध्ये, फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये. तोवर अकरावीचे वर्ग कधीच भरलेले. म्हणजे नापास मुलाचं अख्खं वर्ष जायचं. ही साधी अडचण सुटायला २०१५ साल उजाडलं. त्या वर्षी फेरपरीक्षा जुलैमध्ये घेतली गेली आणि पास झालेल्यांना त्याच वर्षी पुढे जाता आलं. दीडशे वर्षांच्या या हकिकतीत इतक्या कमी खर्चात इतक्या मुलांचं वर्ष वाचवणारा दुसरा निर्णय चटकन आठवत नाही, आणि त्याचा सत्कार कुणी केल्याचंही ऐकिवात नाही.

करोनाच्या काळात २०२० मध्ये भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीतलं अंतर्गत मूल्यमापन जोडून निकाल लावला तो ९९.९५ टक्के. शाळेत नाव असलेल्या मुलांचं काम त्यात भागलं. सतरा नंबरवाल्यांना अंतर्गत गुण देणार कोण? त्यांच्यासाठी वेगळं सूत्र काढावं लागलं. रात्रशाळांवर तर त्याआधीच, २०१७ साली, घाव पडला होता. दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसरीत शिकवणाऱ्या शिक्षकांची रात्रीची सेवा शासनाने संपवली आणि ऐन जूनमध्ये कित्येक वर्गांत गणित-इंग्रजीला शिक्षक उरले नाहीत. मुंबईत काही स्वयंसेवी संस्था आता या शाळांना पुस्तकं, संध्याकाळचा खाऊ आणि जादा तासांचे शिक्षक पुरवतात. कामावरून थेट वर्गात येणाऱ्या मुलाला साडेसहाला आधी भूक लागलेली असते, हे त्यांनी धरलेलं आहे.