घोड्यामागचे इंजिन

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लँकेस्टर परगण्यात, उन्हाळ्याच्या आरंभी लसूणघासाची पहिली कापणी होऊन घास शेतात वाळत पडलेला असतो अशा दिवसांत, रस्त्याने जाणाऱ्या परक्या प्रवाशाची पावले एका देखाव्यापाशी हटकून थबकतात. चार उंच खेचरे एका रांगेत जुंपलेली असतात. त्यांच्या मागे लोखंडी चाकांच्या लहानशा गाड्यावर, रुंद काठाची गवती टोपी घातलेला, मिशा काढून दाढी तेवढी राखलेला शेतकरी लगाम धरून उभा असतो. आणि त्याच्याही मागे, वाळलेला घास गिळून दोरीने आवळलेले चौकोनी गठ्ठे बाहेर टाकणारे एक अवजड यंत्र चाललेले असते, ज्याच्या पाठीवरचे इंजिन असे धडधडत असते की खेचरांना हाक घालायची तर त्या शेतकऱ्याला ओरडावेच लागते. गठ्ठे दाबण्याइतके बळ ज्या इंजिनात आहे त्याला तोच गाडा ओढणे काय जड, असे प्रवाशाच्या मनात येते, आणि आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या धर्मनिष्ठेत ढोंगाचा अंश आहे असा निकाल देऊन तो पुढे जातो. हा निकाल मला उतावळा वाटतो. 'ओढणे' आणि 'फिरवणे' ही दोन क्रियापदे या समाजाने सुमारे शंभर वर्षे मोठ्या जिकिरीने परस्परांपासून वेगळी राखली आहेत, आणि त्याच्या शेतीचा अर्वाचीन इतिहास म्हणजे बहुतांशी या दोन क्रियापदांमधील शिवेचा इतिहास आहे.

या समाजाचा उगम मात्र शेतात नव्हे, एका शहरी धर्मकलहात झाला. 1525 साली झुरिक येथे काही तरुणांनी, अर्भकाला दिलेला बाप्तिस्मा निरर्थक असून जाणत्या वयाच्या माणसाने तो स्वेच्छेनेच घेतला पाहिजे, असे मानून परस्परांना नव्याने बाप्तिस्मा दिला. आणि धर्मपीठ व राजसत्ता ही एकाच भिंतीच्या दोन बाजू असण्याच्या त्या काळात हे कृत्य उघड बंडावा ठरले. त्यांच्यातील फेलिक्स मान्झ यास 1527च्या जानेवारीत लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले. पाण्याच्या अपराधाला पाण्याचीच शिक्षा देण्यात त्या न्यायाधीशांना काही औचित्य वाटले असावे. पुढे या पुनर्बाप्तिस्मावाद्यांपैकी मोठा वर्ग मेन्नो सायमन्स या डच धर्मगुरूच्या नावावरून मेनोनाइट म्हणवू लागला, आणि 1693 साली स्वित्झर्लंड व आल्सास येथील मंडळींत, बहिष्कृताशी पंक्तिव्यवहारही ठेवू नये यासारख्या कडक मुद्द्यांवर याकोब आमान याने जी फूट पाडली तिच्यातून आमिश पंथ वेगळा झाला.

शेती या लोकांनी पत्करली ती पुष्कळशी निरुपायाने. शहरात राहणे जिवावरचे होते, आणि उघडपणे जमिनीची मालकी मिळणे अनेक ठिकाणी अशक्यप्राय होते. तेव्हा डोंगराळ, उपेक्षित मुलुखात सरदारांची शेते खंडाने करणारी कुळे म्हणून ते राहू लागले. चौदाव्या लुईने 1712 साली त्यांना आल्सासमधून घालवून देण्याचा हुकूम काढला, तरी माँबेल्यार, लोरेन, पॅलाटिनेट अशा शेजारच्या प्रदेशांतील जमीनदारांनी त्यांना आसरा दिला, याचे कारण त्या जमीनदारांचे औदार्य नसून ही कुळे नेमाने वसूल भरतात हा अनुभव होता. जमीन आपली नाही, उद्या सोडावीही लागेल, अशा स्थितीत मनुष्य सामान्यतः ती ओरबाडतो. यांनी उलट केले. गुरे गोठ्यात बांधून चारणे, त्यांचे शेण-मूत एक थेंबही वाया न घालवता शेतात नेणे, पडीक टाकण्याऐवजी क्लोव्हरसारखी द्विदल वैरण पेरून जमिनीचा कस परत आणणे, या पद्धतींत त्यांचा हात एवढा बसला की 'पुनर्बाप्तिस्मावादी' या शिवीचा अर्थ त्या मुलुखात हळूहळू 'हुशार शेतकरी' असा होत गेला. माँबेल्यार या नावाने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या दुभत्या गायीची पैदास याच कुळांच्या गोठ्यांतून सुरू झाली. आणि बेलफोर्टजवळच्या जाक क्लोप्फेनश्टाइन नावाच्या शेतकऱ्याने 1812 साली शेतकऱ्यांसाठी छापलेल्या पंचांगाच्या नावातच 'पुनर्बाप्तिस्मावादी, अर्थात अनुभवी शेतकरी' अशा आशयाचे समीकरण मांडलेले होते. जनावराचे शेण आणि जमिनीचा कस यांचा हा अतूट हिशेब लक्षात ठेवला पाहिजे, कारण दोन शतकांनी ट्रॅक्टरसमोर हीच माणसे घोड्याची बाजू घेऊन उभी राहिली तेव्हा तो हिशेब त्यांच्या हाडीमासी खिळलेला होता.

अठराव्या शतकात विल्यम पेनच्या वसाहतीने धर्मस्वातंत्र्याचे अभय दिले, 1737 साली 'चार्मिंग नॅन्सी' या जहाजातून काही आमिश कुटुंबे फिलाडेल्फियास उतरली, आणि पुढील काही पिढ्यांत लँकेस्टरच्या चुनखडीच्या सुपीक भूमीत, नंतर ओहायो व इंडियानात, त्यांचा विस्तार झाला. युरोपात राहिलेले मात्र यथावकाश इतरांत मिसळून गेले. इक्सहाइम येथील शेवटची आमिश मंडळी 1937 साली मेनोनाइटांत विलीन झाली.

नव्या भूमीवरील पहिल्या दीडशे वर्षांत यंत्र हा वादाचा विषय झालाच नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकात कापणीयंत्र आले, पेरणीयंत्र आले, पेंढ्या बांधणारे बाइंडर आले, आणि आमिश शेतकऱ्याने ती शेजाऱ्याच्या बरोबरीने घेतली, कारण ती सर्व घोडेच ओढीत. या यंत्रांची रचना पाहण्यासारखी आहे: जमिनीवर टेकलेले लोखंडी चाक घोड्यांच्या ओढीने फिरते, आणि त्या चाकाचीच गती दात्यांच्या द्वारे आतील कात्रीला मिळते, म्हणजे ओढण्याचे आणि फिरवण्याचे अशी दोन्ही कामे एकच जनावर करते. गवत ओले वा दाट असले की चाक घसरते, पाती तुंबतात, आणि खाली उतरून हातांनी गुंता सोडवत बसावे लागते. मळणीसाठी मात्र एवढे बळ पुरत नसे. तेथे वाफेचे इंजिन खळ्याच्या कडेला उभे राही, लांबलचक चामडी पट्ट्याने मळणीयंत्र फिरवी, आणि आळीपाळीने एकेकाच्या खळ्यावर सगळी आळी राबे. आपल्याकडची इर्जिक ज्याने पाहिली आहे त्याला या मळणीचे, आणि तिच्या शेवटी उठणाऱ्या भरघोस पंक्तीचे, वर्णन करून सांगण्याची गरज नाही. इंजिन फिरवण्यासाठी आणि घोडा ओढण्यासाठी, ही वाटणी अशा रीतीने कोणी हुकूम काढण्याच्या आधीच वहिवाटीने पडून गेली होती.

वहिवाट हा शब्द मी जाणून वापरला. 1862 ते 1878 या काळात भरलेल्या धर्मसेवकांच्या सभांमधून सुधारणावादी गट बाहेर पडत गेले आणि उरलेल्यांना 'जुन्या शिस्तीचे आमिश' हे नाव मिळाले. त्यांची 'ऑर्डनुंग' म्हणजे एखादा छापील कानू नव्हे. काय चालते आणि काय चालत नाही हे प्रत्येक मंडळीला ठाऊक असते, आणि वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या विधीपूर्वी, सर्वांनी त्यास संमती दिल्यावाचून तो विधीच होत नाही. बिशपाचे वजन मोठे असले तरी त्याचे फर्मान एकट्याने चालत नाही. म्हणून यंत्राचा निर्णय तेथे संथपणे होतो. कित्येकदा काही शेतकरी नवी वस्तू वापरू लागतात, तिचे परिणाम दोनचार वर्षे दिसू दिले जातात, आणि मग तिला मूकसंमती तरी मिळते किंवा ती परत करावी लागते.

ट्रॅक्टरचे असेच झाले. 1917नंतर फोर्डसन हा स्वस्त ट्रॅक्टर बाजारात आला आणि लँकेस्टरच्या काही आमिश शेतकऱ्यांनी तो घेऊन नांगराला जुंपूनही पाहिला; पण 1923च्या सुमारास त्याला शेतात मनाई झाली. काळ लक्षात घेतला पाहिजे. घरात टेलिफोन नको, यावरून 1910च्या सुमारास लँकेस्टरच्या मंडळीतून एक गट फुटून निघालेला होता. तारेवरची वीज नाकारण्यात आली होती. मोटार तर निषिद्धच होती. जे चाक आज शेतात स्वतः चालते ते उद्या रस्त्यावर चालेल, आणि रस्त्यावर चालू लागले की शेजार विरघळेल, असे मंडळीतील वृद्धांनी ताडले. त्यांची भीती काल्पनिक होती असे म्हणता येत नाही, कारण बाकीच्या अमेरिकेत तेच झाले: 1954 साली त्या देशातील शेतांवरच्या ट्रॅक्टरांची संख्या घोडे व खेचरे यांच्या एकत्र संख्येहून अधिक झाली, आणि ज्या खेड्यांतून घोडे गेले तेथून पाठोपाठ लहान शेतकरीही गेला. मौज अशी की आमिशांनी ट्रॅक्टर हाकलून दिला नाही. त्याला कोठाराशेजारी उभा केला. मुरघासाची कुट्टी कोठीत चढवण्यासाठी, मळणीयंत्राचा पट्टा फिरवण्यासाठी तो राहिला. फक्त चाके लोखंडी, म्हणजे रस्त्याचा मोह नको. वाफेच्या इंजिनाची जुनी जागा त्याला दिली गेली, इतकेच.

आरंभी वर्णिलेले गठ्ठायंत्र या व्यवस्थेच्या कसोटीचा क्षण होय. दुसऱ्या महायुद्धानंतर दुधाचा धंदा वाढला, गुरे वाढली, सुटे गवत गंजीत रचण्यास माणसे पुरेनात. गठ्ठायंत्राच्या दट्ट्याला आणि गाठ मारणाऱ्या नाजूक यंत्रणेला जमिनीवरच्या चाकाची गती अपुरी. तेव्हा कोणी कल्पक लोहाराने यंत्राच्या माथ्यावरच इंजिन बसवले आणि पुढे खेचरे जुंपली. येथे पट्टा आणि खळे दोन्ही सुटले; फिरवणारे इंजिन कोठारातून निघून शेतात आले. पण ओढण्याचे काम जनावराकडेच राहिल्यामुळे मंडळीने ते पचवले. मग साहजिकच प्रश्न आला की असेच इंजिन लावून आणखी काय काय चालवावे, आणि साठीच्या दशकात लँकेस्टरच्या बिशपांनी, कापणी आणि मळणी एकदमच करणाऱ्या स्वयंचलित कंबाइनसह, काही नव्या यंत्रांना अटकाव केला. ज्यांना तो मान्य नव्हता अशी कुटुंबे 1966 साली वेगळी झाली. कंबाइन आले तर पेंढ्या बांधणे गेले, पेंढ्या गेल्या तर मळणीची इर्जिक गेली, असा हा तर्क आहे. आणि तो केवळ भाविकतेचा आहे असे मला वाटत नाही.

घोड्याच्या बाजूने जी व्यावहारिक कारणे दिली जातात ती सर्वश्रुत असली तरी खरी आहेत. दोन घोड्यांच्या साध्या नांगराने दिवसाकाठी एकरदीड एकर जमीन उलटते, पाचसहा घोड्यांच्या दुहेरी फाळाच्या नांगराने चारपाच एकर. त्यामुळे एका कुटुंबाचे शेत ऐंशीएक एकरांपलीकडे सहसा वाढत नाही, आणि शेजाऱ्याची जमीन गिळण्याची इच्छा झाली तरी घोडे ती पुरी करू देत नाहीत. बेल्जियन वा पर्शरॉन जातीची घोडी नांगरही ओढते, शिंगरूही देते, आणि आपल्या ओटच्या खुराकाची भरपाई खताने करते. ओहायोतील होम्स परगण्याचे आमिश शेतकरी व लेखक डेव्हिड क्लाइन यांनी 'ग्रेट पझेशन्स' या 1990 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आपल्या शेतातील पक्षी, रानफुले आणि ऋतू यांविषयी लिहिले आहे. नांगराच्या मागून चालणाऱ्या माणसाला किती पाहता येते याचा तो पुरावा मानावा.

घोडा हा या लोकांच्या उदरनिर्वाहाचा केवढा आधार होता हे सरकारने एकदा नकळत जगाला दाखवून दिले. 1955पासून अमेरिकेतील सामाजिक सुरक्षेचा कर स्वतंत्र शेतकऱ्यांवरही बसला. वृद्धांची आणि विधवांची काळजी मंडळीनेच घ्यायची, त्यासाठी सरकारी विमा घेणे म्हणजे परस्परांवरील विश्वास सोडणे, या श्रद्धेने अनेक आमिशांनी तो भरण्यास नकार दिला. 1961च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातील न्यू विल्मिंग्टन येथे व्हॅलेंटाइन बायलर हा शेतकरी नांगरणी करीत असताना महसूल खात्याचे कारकून शेतात शिरले आणि जुंपलेल्या जनावरांतून तीन घोडे सोडून घेऊन गेले. जप्तीचे घोडे लिलावात 460 डॉलरांना विकले गेले, थकबाकी व खर्च वळता करून उरलेली किरकोळ रक्कम बायलरला परत पाठवण्यात आली, आणि ऐन पेरणीच्या दिवसांत नांगरावरून घोडे नेल्याच्या बातमीने देशभर एवढा संताप उसळला की 1965च्या कायद्यात या पंथाला त्या करातून सूट द्यावी लागली.

दुधाच्या बाबतीतला तह अधिक शांतपणे झाला. 1960च्या दशकाच्या अखेरीस दूध विकत घेणाऱ्या कंपन्यांनी डब्यांऐवजी थंड टाक्यांचा आग्रह धरला. दूध थंड ठेवायचे आणि अधूनमधून ढवळायचे म्हणजे वीज आली. वाटाघाटीअंती ठरले ते असे की थंडाव्यासाठी डिझेल इंजिन, ढवळण्यासाठी 12 व्होल्टची बॅटरी, आणि रविवारी दुधाची गाडी येणार नाही. शेवटचे कलम लहान दिसते, पण कंपनीच्या वेळापत्रकाने रविवारचा विश्राम मोडू नये यासाठी ते घालून घेण्यात आले होते.

सर्वत्र एकच शिस्त आहे असे मात्र समजू नये. कॅन्सस राज्यातील हेवन येथे आमिश शेतात ट्रॅक्टर चालवतात आणि मोटार वापरत नाहीत. ओहायोतील श्वार्ट्झेनट्रूबर मंडळींना लँकेस्टरच्या कित्येक सवलती अद्यापि मान्य नाहीत.

मोठ्या कारखान्यांनी घोड्यांची अवजारे करणे सोडून दिल्यावर भंगारातील जुनी गवतकापणी यंत्रे विकत घेऊन, झिजलेले दाते बदलून, ती पुन्हा उभी करणारी आमिश लोहारशाळा परगण्यापरगण्यांतून निघाली, आणि पुढे तिच्यातून नवी अवजारे बाहेर पडू लागली: ओहायोत डाल्टनजवळचे पायोनियर, पेनसिल्व्हेनियात गॅप येथील आय अँड जे. त्यांतील सर्वांत चतुर वस्तू म्हणजे पुढचा गाडा. घोडे त्याला जुंपायचे आणि ट्रॅक्टरसाठी केलेले कोणतेही अवजार त्याच्या मागे अडकवायचे. त्यावर इंजिन बसवले की इंजिनाची गती मागच्या अवजाराला पोचवणारा दांडा फिरू लागतो, ज्याला आपल्याकडचा ट्रॅक्टरवालाही पीटीओच म्हणतो. 1994पासून दरवर्षी 'हॉर्स प्रोग्रेस डेज' नावाचे प्रदर्शन भरते. तेथे अशी अवजारे शेतात चालवून दाखवली जातात आणि दूरदूरचे शेतकरी, आमिश असोत वा नसोत, वाकून वाकून त्यांचे सांधे पाहतात.

1900च्या सुमारास पाचसहा हजार असलेली आमिशांची संख्या आता चार लाखांच्या घरात गेली आहे, आणि लँकेस्टरच्या जमिनीचे मोल कोणत्याही नव्या जोडप्याला झेपेनासे झाले आहे; म्हणून अनेक वसाहतींत आज शेतकऱ्यांपेक्षा सुतार, गवंडी आणि कारखान्यातील कामगारच अधिक. पहाटे लोहारशाळेच्या अंगणात बग्ग्या लागतात. आत डिझेल इंजिन सुरू होते, त्याने दाबलेल्या हवेवर छिद्रयंत्रे आणि पान्हे फिरू लागतात, आणि ज्याच्या मालकीचे एक एकरही नांगरायचे शेत नाही असा तरुण आठ घोड्यांच्या नांगराचा फाळ बसवू लागतो. त्याचा स्वतःचा एकुलता घोडा, शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त झालेला, बाहेरच्या छपराखाली संध्याकाळपर्यंत उभा असतो.