पथारीवरचा धम्म

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली निघाला, तोही इंग्रजीत. खेड्यात भिक्खू क्वचितच यायचे. मग धम्म शिकवायचा कुणी?

ते काम फिरत्या पुस्तकवाल्यांनी केलं. नागपूर, चैत्यभूमी, महाड, भीमा कोरेगाव. समाज जमेल तिथं त्यांची पथारी. एरवी खांद्यावर गठ्ठा, एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं पायी. वंदनेची पुस्तिका, बाबासाहेबांचं चरित्र, भीमगीतं. अक्षर न येणाऱ्या आयाबायांनी मजुरीच्या पैशातून ती घेतली, पोरांकडून वाचून घेतली. त्यातूनच घराघरांत त्रिसरण-पंचशील पाठ झालं.

विहाराच्या वर्धापनदिनी त्या अनाम उपासकांना आम्ही कृतज्ञ वंदन करतो. जयभीम!