रक्तातल्या पेशीला 'तू हो' असं सांगतं कोण?

मोबाइलवर आलेला सीबीसीचा रिपोर्ट तुम्ही कधी ना कधी उघडलाच असेल. न्यूट्रोफिल, मोनोसाइट, प्लेटलेट... नावांची ही रांग. पण या सगळ्यांचं मूळ घराणं एकच. हाडाच्या पोकळीतल्या मज्जेत असलेल्या स्टेम सेल्स. मग कुणी काय व्हायचं, हे ठरवतं कोण? यावर शास्त्रज्ञ कित्येक दशकं भांडलेत, आणि मला ते भांडण उत्तराइतकंच आवडतं.

१९६० च्या दशकाचा मध्य. मेलबर्नमध्ये रे ब्रॅडली आगरवर, म्हणजे आपल्या चायना ग्रासवर, पेशी वाढवत होते. त्यांना मज्जेतल्या पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले. डोनाल्ड मेटकाफ त्यांच्यासोबत आले आणि मग हाच विषय घेऊन आयुष्यभर बसले. इस्रायलमध्ये प्लुझ्निक आणि सॅक्स यांनाही १९६५ मध्ये हेच दिसलं होतं. गंमत अशी, की दुसऱ्या पेशींमधून पाझरलेलं 'काहीतरी' असेल तरच हे पुंजके वाढायचे. त्या काहीतरीला नाव पडलं कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर, सीएसएफ. एक समजले होते, निघाले चार! जी-सीएसएफ दिलं की बहुतेक न्यूट्रोफिल, एम-सीएसएफ दिलं की मॅक्रोफेज.

म्हणजे हुकूम हेच देतात? थांबा. टोरांटोच्या टिल आणि मॅकलक यांच्या गटानं १९६४ मध्येच म्हटलं होतं, की पेशीचं भवितव्य फासे टाकल्यासारखं ठरतं.

असं बघा. गावात एकच मेस आहे, शुद्ध शाकाहारी. महिन्याभरानं मेसमध्ये सगळे शाकाहारीच दिसले. मेसनं त्यांना शाकाहारी बनवलं, की बाकीचे उपाशीपोटी निघून गेले? पुंजका बघून हे कळत नाही.

मेटकाफनी १९८० च्या सुमारास यावर जे केलं, ते मला सगळ्यात भारी वाटतं. एक पेशी घ्यायची, तिचे दोन भाग होईपर्यंत थांबायचं, मग दोघी बहिणींना अलगद वेगळं करून वेगवेगळ्या फॅक्टरमध्ये ठेवायचं. बहिणींच्या वाटा फॅक्टरप्रमाणे बदलताना दिसल्या. म्हणजे हुकूम चालतो.

समोरचे गप्प बसणार थोडेच! १९९३ मध्ये मँचेस्टरच्या गटानं पेशींत बीसीएल-२ हे मरण टाळणारं जनुक घातलं आणि फॅक्टर काढून घेतले. पेशी तरीही आपापल्या वाटेनं गेल्या. पुढच्याच वर्षी जी-सीएसएफ नसलेले उंदीर आले. त्यांच्यात न्यूट्रोफिल कमी होते, पण नेहमीच्या २०-३० टक्के होतेच.

दरम्यान पेशंट थोडेच थांबणार होते? केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरलेल्यांसाठी जी-सीएसएफचं इंजेक्शन अमेरिकेत १९९१ मध्येच मंजूर झालं.

२००९ मध्ये म्युनिकच्या टिम श्रोडर यांच्या गटानं सरळ कॅमेरा लावला. एकेका पेशीचा, तिच्या लेकी-नातींचा सलग व्हिडिओ. एकच फॅक्टर दिला, तर जवळपास सगळं घराणं त्याच वाटेनं गेलं, आणि मेलेल्या पेशी इतक्या कमी, की 'बाकीचे उपाशी गेले' म्हणायला जागाच उरली नाही.

पण हे न्यूट्रोफिल की मॅक्रोफेज, या एकाच फाट्यावरचं उत्तर आहे. मँचेस्टरचा प्रयोगही त्यानं खोटा ठरत नाही. हुकूम आला तर पेशी ऐकते, नाही आला तर स्वतःचं काहीतरी ठरवते, असं मला वाटतं.

लाल पेशींच्या एरिथ्रोपोइटिनसाठी जपानमध्ये जमवलेल्या २५५० लिटर लघवीची गोष्ट मात्र पुढच्या भागात. जेवताना ऐकू नका!